लाइट आलीऽऽ

१ मे २०२३, रात्रीचा एक. भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर आमच्या इमारतीत फक्त आमच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता. हॉलमध्ये आई झोपलेली, म्हणून ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता आणि मी नि भाचा दोन स्टुलांवर बसून अमेरिकेतला बास्केटबॉल बघत होतो. तिकडे सॅक्रामेंटोत रविवारची भर दुपार होती. इकडे विरारला जाणारी उशिराची लोकल खाडीच्या पुलाकडे निघाली की तिची धडधड खिडकीतून आत यायची आणि समालोचकाचं एखादं वाक्य पुसून जायची.

भाच्यानं मार्चमध्ये दहावीची परीक्षा दिली होती आणि सुट्टीला तो आमच्याकडे आला होता. निकाल लागायचा होता, त्यामुळे घरात सगळंच ‘निकालानंतर’वर टाकलेलं होतं. सायकल निकालानंतर, पेढे निकालानंतर, कोकणात जाणं निकालानंतर. त्याचा संघ वीस गुणांनी हरला तेव्हा साडेतीन वाजत आले होते. मी समजुतीचं काहीतरी बोलणार, तोच तो म्हणाला, “मामा, आता याचं रसग्रहण लिही. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. चार मार्क.”

थट्टेतच म्हणाला होता. पण काही हंगाम खरोखरच कवितेसारखे पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. हा तसा होता. तेव्हा ते चार मार्क मिळवायचा हा प्रयत्न.

आधी कृतीची ओळख. सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीएतला संघ. २०२२-२३च्या हंगामात त्यानं ८२ सामन्यांपैकी ४८ जिंकले, ३४ हरले, पश्चिम विभागात तिसरं स्थान मिळवलं आणि बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ४-३ असा हरून घरी बसला. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एवढंच असतं. कवितेचा सारांश लिहिला की कविता जशी हाताला लागत नाही, तसंच हे.

भाच्याला सॅक्रामेंटोचं वेड लागलं त्याची गोष्ट मुंबईतच सुरू होते. ऑक्टोबर २०१९मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. हंगामापूर्वीचे सरावाचे सामने, त्यामुळे निकालाला तसं महत्त्व नव्हतं. पहिल्या सामन्याला प्रेक्षागारात शाळकरी मुलं भरली होती. भाच्याच्या शाळेचा नंबर त्यात लागला नव्हता, त्यानं तो टीव्हीवर पाहिला. किंग्ज जादा वेळेत १३२-१३१ असे एका गुणानं हरले. दुसऱ्या दिवशी १३०-१०६ असे सपाटून हरले. बाराएक वर्षांच्या मुलानं जिंकणाऱ्याच्या मागं जायला हवं होतं. पण एका गुणानं हरलेल्यांची दया आली की काय कोण जाणे, तो किंग्जचा झाला आणि तसाच राहिला.

किंग्ज मुंबईत आले त्याला कारण होते विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेला हा मुलगा एमआयटीत शिकायला अमेरिकेला गेला. परकीय चलन मिळवण्यासाठी त्यानं रिझर्व्ह बँकेच्या दाराशी ठाण मांडलं होतं, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. पुढे संगणकाच्या धंद्यात त्यांनी ‘टिब्को’ ही कंपनी उभी केली, आधी वॉरियर्समध्ये भागीदारी घेतली आणि २०१३मध्ये किंग्ज विकत घेतला. भारतात जन्मलेला माणूस एनबीएतल्या संघाचा मालक होण्याची ती पहिली वेळ. त्यामुळे आडनावाच्या रकान्यात ‘रणदिवे’ वाचल्यावर आपल्याकडे जरा मान वर होते. पण रसग्रहणात आडनावाला मार्क नसतात आणि त्यांच्या मालकीची पहिली काही वर्षं अभिमानानं सांगावी अशी नव्हती. प्रशिक्षकामागून प्रशिक्षक बदलले गेले. २०१४च्या डिसेंबरात ज्या माइकल मलोन यांना काढून टाकलं, त्यांनीच २०२३च्या जूनमध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. नव्या खेळाडूंच्या २०१८च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाची संधी हातात असताना संघानं लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅग्लीला घेतलं. बास्केटबॉल बघणाऱ्या कुणालाही विचारा, या निवडीचं नाव निघालं की लोक कपाळावर हात मारतात.

आता या कवितेची पार्श्वभूमी. २००६नंतर किंग्ज बाद फेरीत पोचलेच नव्हते. सलग सोळा हंगाम. एनबीएच्या इतिहासात एवढा मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याही संघाच्या वाट्याला आलेला नाही. त्यांचं एकमेव विजेतेपद १९५१चं आणि तेही संघ रोचेस्टर गावात होता तेव्हाचं. तिथून तो सिनसिनाटीला गेला, मग कॅन्सस सिटीला, आणि १९८५मध्ये सॅक्रामेंटोत उतरला. २०१३मध्ये तो तिथूनही उचलून सिअॅटलला न्यायचं जवळजवळ ठरलं होतं. म्हणजे हरायचं आणि शिवाय बिऱ्हाड कधी हलेल याचीही धास्ती. भाड्याच्या घरात अकरा महिन्यांच्या करारावर दिवस काढलेल्यांना ही धास्ती समजावून सांगावी लागत नाही.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी खरी, पण झळाळी सगळी सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसकडे. लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी एकदा या शहराला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं. तेव्हा तिथले लोक चिडले, आणि मग गाईंच्या गळ्यातल्या घंटा घेऊन सामन्यांना यायला लागले. हिणवणाऱ्याच्या कानाशी तीच घंटा वाजवायची! ‘तुम्ही कुठे, मुंबईत?’ या प्रश्नावर ‘भाईंदर’ असं उत्तर दिल्यावर समोरच्याचा ‘अच्छाऽऽ, लांब’ हा सूर ज्यानं ऐकलाय, त्याला त्या घंटेचा आवाज आपोआप आवडतो.

२०२२-२३च्या हंगामाची सुरुवात वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं. पहिले चार सामने, चार पराभव. नवे प्रशिक्षक माइक ब्राउन, नवे खेळाडू, जुनीच गत. २९ ऑक्टोबरला मायामीला हरवून पहिला विजय मिळाला आणि त्या रात्री या कवितेचं ध्रुपद पहिल्यांदा कानावर आलं.

संघानं एक युक्ती काढली होती. जिंकलो की मैदानाच्या इमारतीवरून जांभळ्या लेझरचा झोत सरळ आभाळात सोडायचा. जांभळा हा किंग्जचा रंग. घरच्या मैदानावर जिंकले की खेळाडूंनी एक मोठं बटण दाबायचं आणि झोत लागायचा. बाहेरगावी जिंकले तरीही तो सॅक्रामेंटोत लागायचाच. शहरातून, हमरस्त्यावरून, शेताच्या बांधावरून माणसाला दिसायचं, आज आपण जिंकलो. पाहता पाहता प्रेक्षागारात घोषणा सुरू झाली, ‘लाइट द बीम’. सामन्याची शेवटची दोन मिनिटं उरली की हजारो लोक ती एका तालात म्हणायला लागायचे.

भाच्याला मी तेव्हा सांगितलं, ही घोषणा आम्हाला तुझ्या जन्माआधीपासून पाठ आहे. आमच्या लहानपणी संध्याकाळी वीज जायची. दोन-दोन तास काळोख, मेणबत्त्या, गच्चीवर डास, खाली गल्लीत पोरांचा गोंधळ. आणि मग अचानक सगळ्या इमारतींतून एकदम आवाज उठायचा, ‘लाइट आलीऽऽ!’ त्यात म्हातारेकोतारेसुद्धा सामील असायचे. वीज येणं हा काही कुणाचा पराक्रम नव्हता. उद्या परत जाणार हेही ठाऊक होतं. तरी ओरडायचो, आणि रोज नव्यानं ओरडायचो.

या हंगामाचं आशयसौंदर्य मला त्या झोतात दिसतं. बहुतेक संघांचा आनंद मुदत ठेवीत असतो. नोव्हेंबरातला एखादा दुबळ्या संघावरचा विजय म्हणजे नुसती रक्कम जमा करणं. खरा आनंद जूनमध्ये, करंडक मिळाला तर, व्याजासह. आणि करंडक तीस संघांपैकी एकालाच मिळतो, म्हणजे एकोणतीस शहरांची ठेव दरवर्षी बुडते. सॅक्रामेंटोनं सोळा वर्षं ठेवी बुडवून झाल्यावर रोखीचा व्यवहार सुरू केला. आज जिंकलो, आज झोत. उद्याचं उद्या.

आता काव्यसौंदर्य, म्हणजे प्रत्यक्ष खेळ. बास्केटबॉलमध्ये सगळ्यात उंच माणूस कड्याखाली उभा राहतो ही जुनी रीत. किंग्जनी आपला उंच माणूस, डोमांटास सबोनिस, बाहेर आणून उभा केला. चेंडू त्याच्या हातात द्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती धावायचं. कुणी त्याच्या अंगाला घासून पुढे जातो आणि जाता जाता त्याच्या हातातला चेंडू उचलतो. कुणी उचलल्यासारखं करतो आणि रिकामाच पुढे सटकतो, मग चेंडू मागून येणाऱ्या तिसऱ्याला मिळतो. मधोमध खांब आणि भोवती गोफ विणणारी पोरं, असं ते दृश्य असतं. गोफात दोऱ्यांचा गुंता झाला तर खेळ संपतो. इथे गुंता व्हायचा तो समोरच्या बचावाचा. त्या हंगामात सबोनिसची सरासरी होती १९.१ गुण, १२.३ रिबाउंड (हुकून परतलेले चेंडू पकडणं) आणि ७.३ असिस्ट (बास्केटसाठी दिलेले पास). रिबाउंडमध्ये तो साऱ्या एनबीएत पहिला होता. हे सगळं त्यानं डिसेंबरपासून उजव्या हाताचा मोडलेला अंगठा पट्टीत बांधून केलं.

आणि हा सबोनिस आला कुठून? इंडियाना पेसर्सकडून. मुंबईत किंग्जना ज्यांनी दोनदा हरवलं, त्याच संघाकडून. फेब्रुवारी २०२२मध्ये टायरीझ हॅलिबर्टनसारखा गुणी, लाडका पोरगा देऊन त्याला आणलं, तेव्हा सॅक्रामेंटोचे लोक संतापले होते.

सबोनिस खांब, तर डी’आरन फॉक्स वारा. चेंडू घेऊन त्याच्याइतक्या वेगानं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा खेळाडू त्या काळात विरळा. त्याचं खरं रूप शेवटच्या पाच मिनिटांत दिसायचं. सामना अटीतटीला आला की तो जणू जागा व्हायचा. मोक्याच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्यासाठीचा पुरस्कार एनबीएनं त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवला आणि तो फॉक्सला मिळाला. केविन हर्टर आणि नवखा कीगन मरे लांबून नेम धरायचे. मरेनं त्या हंगामात २०६ तीन-गुणी बास्केट केले. पदार्पणाच्या वर्षातला तो तेव्हाचा विक्रम होता. आणि बेंचवरून उठून येणारा मलिक मंक म्हणजे या गंभीर मैफलीतला फटका. कधी बेसूर व्हायचा, पण रंगला की समेवर अशी झडप घालायचा की मूळ गायक बाजूला राहायचा.

या शैलीचा सर्वात भरजरी नमुना २४ फेब्रुवारीचा. लॉस एंजेलिस क्लिपर्सशी सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि किंग्ज १७६-१७५ असे जिंकले. दोन्ही संघांचे मिळून ३५१ गुण. एनबीएच्या इतिहासात याहून जास्त गुणांचा सामना एकच झाला आहे, १९८३मधला. मंकचे ४५, फॉक्सचे ४२. सुमारे साडेतीन वर्षांपूर्वी वरळीला एका गुणानं हरताना पाहिलेला संघ आता एका गुणानं जिंकला होता. त्या दिवशी भाच्याचा सराव परीक्षेचा पेपर होता म्हणे. कसा गेला हे मी विचारलं नाही.

पण दोषही सांगायला हवेत, नाहीतर रसग्रहणाचं कौतुकपत्र होतं. या संघाला धावता यायचं, अडवता यायचं नाही. चढाईत एनबीएतला पहिला आणि बचावात खालच्या गटातला, असा हा जीव. १७६ गुण करणाऱ्यानं १७५ दिलेही होते, हे त्या सुंदर रात्रीतही विसरता येत नव्हतं. कर्जफेड करता येईल तोवर खर्च चालतो. तशी साखळीत त्यांची गाडी चालली. २९ मार्चला पोर्टलंडला १२०-८० असं लोळवून त्यांनी बाद फेरीतली जागा पक्की केली. सोळा वर्षांचा दुष्काळ संपला.

आणि समोर आले वॉरियर्स. इथे कवितेचा सूर बदलतो, कारण हा प्रतिस्पर्धी परका नव्हता. रणदिवे पूर्वी वॉरियर्सचे भागीदार. प्रशिक्षक माइक ब्राउन सहा वर्षं वॉरियर्सचे सहायक. २०१७मध्ये मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर आजारी पडले तेव्हा बाद फेरीत संघाची सूत्रं ब्राउन यांनीच सांभाळली होती आणि अकराच्या अकरा सामने जिंकले होते. किंग्जचा हॅरिसन बार्न्स हा २०१५च्या विजेत्या वॉरियर्सचा खेळाडू. सॅक्रामेंटोचं हे नवं घर वॉरियर्सच्याच लाकडांनी बांधलं होतं. शिष्य गुरुगृही शिकला, गावी येऊन पाठशाळा उघडली, नाव झालं, आणि पहिल्याच परीक्षेला परीक्षक म्हणून गुरुजीच हजर!

वॉरियर्स गतविजेते होते, पण साखळीत सहावे आलेले, ४४ विजय नि ३८ पराभव. बाहेरगावच्या मैदानावर तर त्यांची दशा झाली होती, ४१पैकी फक्त ११ विजय. सात सामन्यांपैकी चार सॅक्रामेंटोत. कागदावर गणित किंग्जच्या बाजूनं होतं.

पहिलं कडवं तसंच गेलं. १६ एप्रिलला, आपल्याकडे सकाळी सहाला, आई देवपूजेची भांडी घासत असताना फॉक्सनं ३८ गुण केले आणि मंकनं ३२. १२६-१२३. दुसरं कडवं ११४-१०६. त्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीननं खाली पडलेल्या सबोनिसच्या छातीवर पाय दिला आणि पुढच्या सामन्याला त्याला बाहेर बसावं लागलं. तरी तिसरा सामना वॉरियर्सनीच ११४-९७ असा जिंकला. दुखावलेल्या राजाचा हा स्वभाव असतो.

चौथ्या सामन्यावर मात्र थांबायला हवं. कवितेत एखादी ओळ अशी येते की तिच्यावर अर्थाचा काटा झुकतो, तशी ही. शेवटच्या मिनिटात वॉरियर्सच्या स्टीफन करीनं चूक केली. शिल्लक नसलेला टाइमआउट मागितला. दंड झाला, किंग्जना फुकटचा एक गुण आणि चेंडू मिळाला, फॉक्सनं लगेच तीन गुण टिपले. १२६-१२५. वॉरियर्स एका गुणानं पुढे, शेवटचा चेंडू किंग्जच्या हातात. सगळं जग फॉक्सकडे बघत होतं आणि वॉरियर्सही, म्हणून दोघं त्याच्या अंगावर धावले. फॉक्सनं चेंडू मोकळ्या असलेल्या बार्न्सला दिला. हे अचूक होतं. बास्केटबॉलच्या कुठल्याही वर्गात शिकवतात तेच. बार्न्सनं तीन गुणांच्या रेषेमागून चेंडू सोडला, भोंगा वाजला, चेंडू कड्याला लागून बाहेर आला. तो आत गेला असता तर मालिका ३-१ झाली असती. ती २-२ झाली. एकेकाळी वॉरियर्सच्या असलेल्या माणसाचा, वॉरियर्सच्याच मैदानात, त्यांच्यावरचा शेवटचा घाव हुकला.

भाचा तेव्हा फॉक्सवर चिडला होता. “स्वतः का नाही टाकला?” मी म्हटलं, पास बरोबर होता. तो म्हणाला, “बरोबर असून काय उपयोग?” दहावीच्या मुलाला याचं उत्तर देणं सोपं नाही. मलाही ते आत्ता आत्ता सापडतंय. या संघाची सारी भाषाच ‘मोकळा आहे त्याला दे’ अशी होती. अख्खा हंगाम ज्या व्याकरणावर उभा राहिला, ते शेवटच्या वाक्यात मोडून एकट्यानं बाजी मारली असती तर दोन गुण कदाचित मिळाले असते, पण ती ओळ दुसऱ्याच कवितेतली वाटली असती.

त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक मोडल्याचं नंतर समजलं. म्हणजे आता एकाचा अंगठा आणि एकाची तर्जनी. पाचवा सामना घरच्या मैदानावर ११६-१२३ असा गेला. सहाव्याला सगळ्यांनी पैज लावली होती वॉरियर्सवर. किंग्ज सॅन फ्रान्सिस्कोत जाऊन ११८-९९ असे जिंकले. तो शनिवार होता, पहाटे साडेपाचला उठलो होतो. जिंकल्यावर भाच्यानं गॅलरीत जाऊन हळूच म्हटलं, “लाइट आलीऽऽ.” समोरच्या इमारतीतला दूधवाला वर बघून हसला. त्याला वाटलं असावं, खरंच गेली होती.

आणि मग सातवा सामना, महाराष्ट्र दिनाच्या मध्यरात्री. मध्यंतराला किंग्ज ५८-५६ असे पुढे होते. भाच्यानं उठून चहा टाकला. आधण उकळेपर्यंत तिसरा क्वार्टर सुरू झाला आणि त्या बारा मिनिटांत सगळं संपलं. ३५-२३. नजर सगळ्यांची करीवर होती आणि ते साहजिकच होतं. त्यानं त्या दिवशी ५० गुण केले. सातव्या सामन्यात इतके गुण एनबीएत त्याआधी कुणीच केले नव्हते. त्याची शैली बघताना शत्रुत्व विसरायला होतं. चेंडू कड्यातून जायच्या आधीच तो मागं वळायला लागतो, जणू दाराला कडी घालून निघालेला माणूस, मागं वळून खात्री करायची गरज नसलेला.

पण पुन्हा वाचताना मला त्या क्वार्टरमध्ये करीपेक्षा त्याचा सहकारी केव्हॉन लूनी दिसतो. गाजावाजा नसलेला, उडी फारशी न मारणारा, कड्याखाली फक्त योग्य जागी उभा राहणारा माणूस. त्यानं २१ रिबाउंड घेतले, त्यातले दहा आपल्याच संघाच्या हुकलेल्या चेंडूंचे. म्हणजे वॉरियर्सचा नेम चुकला तरी चेंडू परत त्यांच्याकडेच. किंग्ज बचावात एकदा जीव तोडून अडवायचे, सुस्कारा टाकायचे, आणि बघतात तो काय, लूनीनं चेंडू उचलून पुन्हा करीला दिलेला. एकच धडा पुन्हा पाठ करायला लावणाऱ्या मास्तरांसारखा. बचावाचं जे जुनं दुखणं हंगामभर झाकलं गेलं होतं, त्यावर लूनीनं नेमकं बोट ठेवलं. फॉक्सला तर्जनीनं साथ दिली नाही, १९ प्रयत्नांत ५ बास्केट, १६ गुण. शेवट १२०-१००. बाहेरगावी ४१पैकी ३० सामने हरलेला संघ सॅक्रामेंटोत येऊन दोनदा जिंकून गेला.

उरलेलं भाषिक वैशिष्ट्य. या हंगामाची भाषा एका क्रियापदावर उभी आहे, लावणं. दिवा लावणं, झोत लावणं. हरलं की तो विझवण्याचा काही विधी नव्हता. हरल्यावर नुसतं काहीच व्हायचं नाही. आभाळ नेहमीसारखं. त्या रविवारी सामना संपल्यावर प्रेक्षक लगेच निघून गेले नाहीत. उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. मैदानातून बाहेर पडले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, लख्ख ऊन होतं. अंधारच नव्हता, त्यामुळे झोत नसल्याचंही कुणाला दिसलं नसेल.

ठेव मोडून आनंद घेतला ते शहाणपणाचं होतं का, याचा निवाडा पुढच्या वर्षांनी केला. ब्राउन यांना त्या हंगामाचे सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून एकमतानं गौरवलं गेलं होतं. पुढच्या हंगामात किंग्ज ४६ सामने जिंकूनही बाद फेरीच्या दारातून परतले, जाता जाता वॉरियर्सना ११८-९४ असं घरी पाठवून. २०२४च्या डिसेंबरात ब्राउन यांना काढून टाकण्यात आलं. २०२५च्या फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. गोफ विणणारी ती पोरं पांगली. ‘पुढच्या वर्षी खरा आनंद करू’ असं म्हणून सॅक्रामेंटोनं त्या हंगामात झोत लावला नसता, तर ते पुढचं वर्ष आलंच नसतं.

दोन जूनला दहावीचा निकाल लागला. बरे मार्क पडले, पेढे आणले. पण त्याच्या आठवड्याभर आधीच भाच्यानं आजीकडून पैसे काढून सगळ्यांना आइस्क्रीम आणलं होतं. कशाचं, असं विचारल्यावर म्हणाला, “कशाचं नाही. आज सरावात सलग दहा टाकले.” आजी म्हणाली, निकाल लागू दे की आधी. तो म्हणाला, “तो वेगळा.”

आमच्या घरात कपाटात एक लांबोडकी वही आहे. लग्नामुंजीत आलेला आहेर त्यात लिहिलेला असतो, नाव आणि पुढे आकडा. साखळीतले ४८ विजय आणि बाद फेरीतले ३. परवा मी बेरीज केली नि जरा थांबलो. पाकिटात घालायला आई नेहमी जो आकडा सांगते, नेमका तोच. एक्कावन्न वेळा लाइट आली.

वहीत सॅक्रामेंटोच्या नावापुढे लिहून ठेवलंय.